घटकाचे नामकरण

माणसाच्या मनातील वृत्ती तागडीत घालता येत नाही आणि साखळीनेही मापता येत नाही. म्हणून तिच्यासंबंधी वीसपंचवीस विधाने रचावयाची, प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ येथपासून ‘पूर्ण असहमत’ येथपर्यंत पाच रकाने आखावयाचे, शेकडो लोकांकडून ते भरून घ्यावयाचे आणि त्या खुणांच्या गर्दीतून वृत्तीचा माग काढावयाचा, असा जो व्यवसाय रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रचारात आणला, त्या व्यवसायाच्या खानदेशातील पेढीवर मी संख्याशास्त्राचा अध्यापक या नात्याने दीर्घकाळ कारकुनी केली. कारकुनी हा शब्द मी विनयापोटी वापरीत नाही. प्रश्नावली रचणारा एक, ती घेऊन गावोगाव हिंडणारा दुसरा आणि भरून आलेल्या फर्दांतील आकड्यांचा ताळेबंद मांडणारा मी तिसरा, अशी कामाची वाटणी सर्वमान्य होती. आणि ताळेबंद मांडणाऱ्याने मालाची शहानिशाही करावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि तोवर पुणे विद्यापीठाच्या कक्षेत असलेली जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याकडे आली. पुढे १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार हा निराळा जिल्हा निघाला, आणि २०१८ साली विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभले. विद्यापीठ दाराशी आल्यामुळे, ज्या शिक्षकास अथवा बँकेतील नोकरदारास पुण्याला हेलपाटे घालून पीएच.डी. करणे कदापि परवडले नसते, तोही नोकरी सांभाळून संशोधनास प्रवृत्त झाला. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य, ग्रामीण अर्थशास्त्र अशा नाना विषयांचे हे संशोधक अमळनेरहून, चोपड्याहून, साक्रीहून एस.टी.ने येत, पिशवीतून भरलेल्या प्रश्नावल्यांचे बाड काढून माझ्या मेजावर ठेवीत आणि म्हणत, “सर, तेवढे फॅक्टर काढून द्या.” या विनंतीत श्रद्धा मोठी असे. घटक हे त्या बाडात अगोदरच आहेत आणि सरांजवळच्या संगणकाने ते बाहेर काढावयाचे तेवढे राहिले आहे, अशी ती श्रद्धा होती.

घटक विश्लेषणाचा मूळ विचार साधा आहे. ज्या दोन विधानांची उत्तरे माणसामाणसांत बरोबरच चढतात आणि बरोबरच उतरतात, त्यांच्यामागे काही समान कारण असले पाहिजे; आणि विधाने अनेक असतील तर त्यांच्या परस्परसंबंधांच्या कोष्टकावरून अशी कारणे किती, व कोणत्या विधानावर कोणत्या कारणाचा किती भार, हे गणिताने सांगता यावे. सैन्यातील अधिकारपद सोडून लाइपझिगला व्हुंटच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्र शिकावयास गेलेल्या चार्ल्स स्पिअरमनने १९०४ साली शाळकरी मुलांचे अभिजात भाषा, फ्रेंच, इंग्रजी, गणित, संगीत अशा विषयांतील यश परस्परांशी ताडून पाहिले, आणि या सर्वांच्या मुळाशी एकच सामान्य बुद्धी वावरते असा सिद्धान्त मांडला. शिकागोच्या लुई थर्स्टनने १९३० नंतरच्या दशकात त्याच जातीच्या कोष्टकांतून एकाऐवजी अनेक स्वतंत्र क्षमता वेगळ्या काढून दाखविल्या. या दोघांच्या वादातील मर्म मला विद्यार्थिदशेत उमगले नव्हते, ते पुढे शिकविताना उमगले: घटकांचे अक्ष कोणत्याही कोनातून फिरविले तरी मूळ कोष्टकाशी त्यांचा मेळ तेवढाच राहतो, त्यात तिळमात्र उणेअधिक होत नाही, आणि म्हणून अनेक परिभ्रमणांतून कोणते पसंत करावयाचे हा निर्णय गणित देत नाही, तो अभ्यासकाने आपल्या जबाबदारीवर घ्यावयाचा असतो. थर्स्टनने त्यासाठी साध्या रचनेचे तत्त्व सुचविले, हेन्री कायझरने १९५८ साली त्यास व्हॅरिमॅक्स नामक सूत्राचे रूप दिले, आणि आज संगणक ते सूत्र न विचारताच लावतो. परंतु निर्णय माणसाचा होता ही गोष्ट त्यामुळे पालटत नाही.

आपल्याकडे हा विचार परका राहिला आहे असेही नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकातच बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीस मराठी व कानडी मुलांसाठी रूप दिले. पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीत गिल्फर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्यांचे काम झाले. आणि व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक मोजणारी २४० विधानांची जी परदेशी प्रश्नावली आहे, तिच्या मराठी रूपाचा अभ्यास लोधी, देव व बेल्हेकर यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. या साऱ्या उद्योगामागचा प्रश्न एकच होता: एका समाजात घडविलेले माप दुसऱ्या समाजावर लावले असता त्याची घडण तीच राहते काय? माझ्याकडे येणाऱ्या बाडांना मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. त्यांना हवी असत ती प्रमाणपत्रे.

या प्रमाणपत्रांचा शिरस्ता आता इतका दृढ झाला आहे की प्रबंधाचे ते प्रकरण न वाचताही त्यात काय असेल ते सांगता येते. प्रथम, विधानांत परस्परसंबंध आहेत तरी काय हे पाहणारी बार्टलेटची कसोटी. मग नमुन्याची पर्याप्तता दाखविणारे केएमओ हे मूल्य, ज्याच्या पायऱ्यांना कायझरने १९७४ साली थट्टामस्करीच्या सुरात विशेषणे बहाल केली आणि ०.९० च्या घरातील मूल्यास ‘अद्भुत’ ठरविले; नंतर ज्याचे आयगेन मूल्य, म्हणजे त्याच्या वाट्यास आलेले विचरण, एकाहून अधिक तेवढेच घटक राखावयाचे हा नियम; शेवटी १९५१ सालापासून क्रॉनबाखच्या नावाने चालत आलेला अल्फा, जो ०.७० च्या वर गेला की मापनी विश्वसनीय. कॅटेलने १९६६ साली सुचविलेला आयगेन मूल्यांच्या उताराचा आलेख हौशी मंडळी जोडीत, आणि १९६५ साली हॉर्नने दाखविलेले समांतर विश्लेषण, जे या सर्वांहून अधिक भरवशाचे, त्याच्या वाटेला मात्र फारच थोडे जात. ही सारी मूल्ये मिळाली की घटकाला नाव द्यावयाचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावयाचे, असा हा परिपाठ होता.

या परिपाठाविषयी पहिली शंका मला धुळ्याकडून आलेल्या एका कामात आली. मॉरिस रोझेनबर्गची १९६५ सालची आत्मप्रतिष्ठेची मापनी ही जगात अत्यंत वापरली गेलेली मापनी आहे. तिच्यात दहा विधाने, पाच स्वतःविषयी गौरवाची आणि पाच न्यूनतेची. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून ती मराठीत भरून घेतली असता गौरवाच्या पाचांचा एक घटक आणि न्यूनतेच्या पाचांचा दुसरा घटक असे दोन स्वच्छ घटक निघाले, आणि संशोधिका त्यांना दोन स्वतंत्र मनोवृत्ती मानून नावे देण्याच्या बेतात होती. मी तिला एवढेच सुचविले की, काही मुलांना ती विधाने मोठ्याने वाचावयास लावावी आणि खूण करताना काय मनात येते ते बोलावयास सांगावे. ज्यांच्या घरी अहिराणी, पावरी अथवा भिली बोलली जाते आणि ज्यांनी प्रमाण मराठी शाळेच्या पुस्तकातच पाहिली, अशी कित्येक मुले नकारार्थी विधानापाशी येताच अडखळत; नकाराला असहमती दर्शविली म्हणजे होकार होतो की अधिक नकार, याचा त्यांना उलगडा होत नसे, आणि गुरुजनांपुढे थांबून राहणे अप्रशस्त म्हणून ती मधल्या रकान्यात खूण करून मोकळी होत. पाच विधाने एकत्र येण्यास त्यांची वाक्यरचना पुरेशी होती, निराळी मनोवृत्ती असण्याची गरज नव्हती. पाश्चात्त्य देशांतही याच मापनीच्या याच दुहेरीपणावर अनेक वर्षे वाद चालला आहे हे मी वाचले होते. परंतु वाचलेले आणि समोर बाकावर बसून अडखळणारे यांत अंतर असते.

ज्या प्रकरणाने माझी कारकुनी कायमची बिघडविली ते मात्र शेतीसंबंधीचे. ग्रामीण अर्थशास्त्राचा एक तरुण संशोधक आधुनिक शेतीविषयीची शेतकऱ्यांची अभिवृत्ती मोजणारी मापनी तयार करीत होता. नवे वाण लावण्याची तयारी, ठिबक सिंचनावरील विश्वास, बँकेच्या कर्जाचा उपयोग, पीक विम्याची उपयुक्तता, माती परीक्षण, कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याचे मोल, अशा अंगांनी विधाने रचलेली होती. भाषा सोपी होती, नकारार्थी विधाने जवळजवळ नव्हती, आणि प्रश्नावल्या त्याने स्वतः हिंडून, पुष्कळ ठिकाणी स्वतः वाचून दाखवून भरून घेतल्या होत्या. निम्म्या प्रश्नावल्या जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांतील, निम्म्या धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातील. संगणकाने जे दाखविले ते पाहून कोणाही मार्गदर्शकास संतोष व्हावा. सर्व मुख्य विधाने एका घटकाभोवती गोळा झालेली, भार भरघोस, केएमओ उत्तम, अल्फा उत्तम. संशोधकाने घटकाचे नाव लिहूनच आणले होते: ‘प्रगतिशीलता’. त्या घटकावर रावेरचे शेतकरी उंच होते आणि शिंदखेड्याचे खाली. आणि शिफारशींच्या कच्च्या मसुद्यात धुळे जिल्ह्यात जनजागृतीचे मेळावे घ्यावेत, असे पहिलेच कलम होते.

ज्यास खानदेशचा नकाशा पाठ आहे त्यास यातील मेख सांगावयास नको. रावेर-यावल हा सातपुड्याच्या पायथ्याचा, विहिरी व विंधनविहिरींवर पोसलेला केळीचा मुलूख. तेथील केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबकाच्या नळ्या हा तेथील शेतीचा नित्याचा सरंजाम आहे, आणि भूजल वर्षानुवर्षे खोल चालले असले तरी पाणी उपसण्यासाठी कर्ज काढण्याची ऐपत त्याच पाण्याने दिलेली आहे. शिंदखेडा हा पर्जन्यछायेतील, बहुतांशी कोरडवाहू तालुका. बुराई नदीचे पात्र वर्षातील पुष्कळ महिने वाळूच दाखवीत असते, आणि कापूस व बाजरी यांचे भवितव्य मृग-आर्द्रांच्या मर्जीवर. मी संशोधकाबरोबर दोन्हीकडच्या काही गावांत गेलो. शिंदखेड्याकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे बँकेच्या कर्जाचे विधान वाचले तेव्हा त्याने रकाना सांगण्याऐवजी आम्हालाच विचारले, “इहिरले पानी नही, दादा, बँक काय दखीसन देई?” ठिबकाच्या विधानावर तो नुसता हसला. त्याचे उत्तर संशोधकाने ‘असहमत’ असे नोंदविले होते, आणि पाच रकान्यांच्या शिस्तीत दुसरे काही नोंदविणे शक्यही नव्हते. उलट यावलकडे ज्याने ‘पूर्ण सहमत’ म्हटले, त्याच्या दृष्टीने तो प्रश्न अभिवृत्तीचा नव्हताच. ठिबकाशिवाय केळी लावणे त्याला सुचलेही नसते.

परत आल्यावर आम्ही दोन्ही भागांच्या प्रश्नावल्या निराळ्या केल्या आणि प्रत्येक ढिगाचे स्वतंत्र विश्लेषण केले. प्रगतिशीलता नाहीशी झाली. रावेर-यावलच्या ढिगात ती विधाने परस्परांशी फारशी बोलत नव्हती, शिंदखेड्याच्या ढिगातही नव्हती. ती एकत्र येत होती ती दोन ढीग एकमेकांत मिसळल्यावरच. संशोधक खिन्न झाला, आणि संगणकाची काही चूक झाली असावी असे त्याला वाटले. तेव्हा मी फळ्यावर त्याला एक कल्पित हिशेब करून दाखविला, जो पुढे मी प्रत्येक वर्गास करून दाखवीत आलो आणि जो कोणासही कागदावर ताडून पाहता येईल.

समजा, सारख्या संख्येचे दोन गट आहेत आणि सहा विधाने आहेत. प्रत्येक गटाच्या आत कोणत्याही दोन विधानांत काहीही संबंध नाही, सहसंबंध गुणांक शून्य. फक्त सहाही विधानांवर एका गटाची सरासरी दुसऱ्या गटाच्या सरासरीहून दोन प्रमाण विचलनांनी अधिक आहे. आता दोन्ही गट एकत्र करा. गटांतर्गत विचरण एक, गटांच्या सरासऱ्यांमुळे आलेले विचरण एक, एकूण दोन. आणि कोणत्याही दोन विधानांचे सहविचरण एक. म्हणून प्रत्येक जोडीतील सहसंबंध ०.५०. अशा कोष्टकाचे पहिले आयगेन मूल्य ३.५० येते आणि उरलेली पाचही प्रत्येकी ०.५०, अर्थात नियमाप्रमाणे एकच घटक राखावयाचा, आणि त्या पहिल्या आयगेन मूल्याच्या वाट्यास एकूण विचरणाचा ५८ टक्क्यांहून अधिक भाग येतो. प्रत्येक विधानाचा घटकभार सुमारे ०.७१. क्रॉनबाखचा अल्फा ०.८६. केएमओ बरोबर ०.९०, म्हणजे कायझरच्या भाषेत ‘अद्भुत’. एकाही कसोटीने हरकत घेतलेली नाही, उताराच्या आलेखात कडा तुटल्यासारखा स्पष्ट दिसतो, समांतर विश्लेषणही एकच घटक सांगेल; आणि तरीही या सहा विधानांमागे कोणत्याही एका माणसाच्या मनात एकत्र नांदणारी कोणतीही वृत्ती नाही. जो घटक निघाला आहे तो दोन गटांमधली सीमारेषा आहे. आमच्या कामात ती सीमारेषा पाण्याची होती.

संख्याशास्त्राने या संकटाकडे दुर्लक्ष केले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्ल योरेस्कॉगने १९७१ साली अनेक समूहांचे घटक विश्लेषण एकाच वेळी करण्याची रीत घालून दिली, आणि विल्यम मेरेडिथने १९९३ साली, दोन समूहांची तुलना करण्यापूर्वी मापाची घडण दोहोंत समान आहे हे कोणत्या क्रमाने सिद्ध करावे, याचे विवेचन केले: प्रथम घटकभार समान हवेत, मग विधानांचे आरंभबिंदू समान हवेत, आणि त्यानंतरच सरासऱ्यांची तुलना ग्राह्य. आमच्या मसुद्यात शेवटची पायरी पहिली झाली होती. परंतु या रीती जाणणाऱ्यालाही समूह कोणते हे अगोदर ठाऊक असावे लागते. रावेर आणि शिंदखेडा यांची सीमा प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ‘तालुका’ या रकान्यात लिहिलेली होती म्हणून ती हाती लागली. जी सीमा कोणी लिहूनच घेतली नाही, ती शोधण्यास गाव पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

दोन ढीग निराळे केल्यावर जे थोडे संबंध शिल्लक राहिले तेही उद्बोधक होते. केळीच्या मुलखात कर्जाचे विधान आणि विम्याचे विधान एकमेकांस घट्ट धरून होते. संशोधकास वाटले की येथे ‘आर्थिक दूरदृष्टी’ सापडली. वस्तुस्थिती अशी की, त्या काळी कर्जदार शेतकऱ्यास पीक विमा सक्तीचा होता (ती सक्ती २०२० सालच्या खरिपापासून उठली), बँक कर्जातूनच हप्ता कापून घेई, आणि केळीला हवामानावर आधारित विम्यात महसूल मंडळातील केंद्रावर मोजलेले तापमान व वारा यांवरून भरपाई मिळे. म्हणून ज्याने कर्ज घेतले त्याचा विम्याशी परिचय झालाच, आणि ज्याने घेतले नाही त्याच्यापुढे दोन्ही प्रश्न सारखेच अपरिचित. कोरडवाहू ढिगात माती परीक्षण आणि कृषी अधिकाऱ्याचा सल्ला ही विधाने जोडीने चालत होती. त्याचे कारण २०१५ साली सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका, जी गावात कृषी खात्याच्या माणसाकरवीच येत असे. ज्याला आपण मनाचा घटक म्हणावयास निघालो होतो, तो एका ठिकाणी सरकारी नियमाचा आणि दुसऱ्या ठिकाणी सरकारी वाटपाचा ठसा होता.

खानदेशला मोजमापाचा हा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यात जी जमीनमोजणी झाली, तिची प्रतबंदीची रीत गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ सालच्या संयुक्त अहवालात नमूद आहे. पावणेदोन हात खोलीच्या निर्दोष काळ्या जमिनीस सोळा आणे, आणि खोली कमी होईल तसतशा खालच्या प्रती, अशा एकंदर नऊ; त्यातून चुनखडीचे कण, वाळू, उतार, पाण्याने धूप होणे अशा दोषांची वजावट. ही मापनीच होती, आणि ती रयतेला सुखावह वाटली असे नाही. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठा उठाव झाला आणि तो मोडण्यास सरकारला फौज धाडावी लागली. तरीही त्या प्रतबंदीत एक गोष्ट अशी होती की जी आमच्या प्रश्नावलीत नव्हती: जमिनीची प्रत ठरविण्यापूर्वी प्रतबंदी कारकुनास शेतात खणून खोली पाहावी लागे, आणि दोष कोणता हे निराळे नोंदवावे लागे. उथळ जमिनीला त्याने उथळ म्हटले; आळशी म्हटले नाही.

‘प्रगतिशीलता’ हे नाव मला खुपले ते याच कारणाने. घटकाला दिलेले नाव प्रबंधात राहत नाही, ते शिफारशीत जाते, शिफारशीतून योजनेत जाते आणि योजनेतून गावात परत येते. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याजवळ पाणी नाही या कारणाने जो अंक खाली आला, त्याचे नाव प्रगतिशीलता ठेवले की त्याला व्याख्यान द्यावयाचे ठरते. त्याचेच नाव सिंचन ठेवले तर त्याला बंधारा द्यावयाचे ठरते. ज्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठच्या गावांनी शेकडो वर्षे फड पद्धतीने सामुदायिक पाटपाणी चालविले, पाटकरी आणि जागले नेमून पाण्याच्या पाळ्या लावल्या, आणि ज्या जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात अलीकडे सुरेश खानापूरकर यांच्या पुढाकाराने नाले खोल करून साखळीने बंधारे बांधण्याचे काम नावारूपास आले, तेथील शेतकरी नव्या गोष्टीस मुळातच विमुख आहे असे म्हणण्यास काही आधार असला पाहिजे. आणि मिसळलेल्या दोन ढिगांतून निघालेला घटकभार हा तो आधार नव्हे.

संशोधकाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्याने नाव काढून टाकले, मापनी दोन्ही भागांसाठी निराळी तपासली, बारमाही पाण्याची उपलब्धता हा प्रश्न पहिल्या पानावर घेतला, आणि जी विधाने ऐपतीचे उत्तर अभिवृत्तीच्या रकान्यात मागत होती ती बाजूस ठेवली. मापनी लहान झाली, अल्फा उतरला, आणि प्रबंधाचे ते प्रकरण पूर्वीइतके देखणे राहिले नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घटक इतके दुबळे का, असे विचारले. त्याने फळ्यावर सहा विधानांचा तोच हिशेब मांडला, आणि परीक्षकांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला.

यावरून घटक विश्लेषण टाकाऊ आहे असा कोणी अर्थ काढील तर तो माझ्या म्हणण्याच्या उलट होईल. या पद्धतीवाचून दोन ढीग तपासण्याचे आम्हाला सुचलेच नसते. कोणती विधाने एकत्र चालतात हे तिच्याइतक्या निर्विकारपणे दुसरे कोणी सांगू शकत नाही, आणि चांगल्या मापनीतून निरुपयोगी विधान वेगळे काढण्यास ती अजूनही माझ्या माहितीतील उत्तम रीत आहे. ती का एकत्र चालतात एवढेच ती सांगत नाही, आणि आपण तिच्याकडून नेमके तेच वदवून घेऊ पाहतो. म्हणून आता माझ्याकडे कोणी येतो तेव्हा त्याने तीन गोष्टी करून याव्यात असा माझा आग्रह असतो. विधाने चार माणसांकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत. जेथे जेथे माणसांची परिस्थिती मुळातच भिन्न असेल तेथे गट निराळे करून कोष्टक पाहावे. आणि घटकाचे नाव लिहिण्यापूर्वी, त्या नावाखेरीज पाणी, पैसा, भाषा, सरकारी नियम यांपैकी कशाने ही विधाने एकत्र आली असती काय, याचे उत्तर लेखी द्यावे. घटकाला नाव देणे हा दावा लावणे आहे, आणि दाव्याच्या शाबितीचा भार वादीवर असतो. हा कायदा शिंदखेड्याच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. संशोधकाने तो पाळावा एवढेच मागणे आहे.